चतुराचा दिवा कोणाचा?

भांडी आवरून, नाहीतर आवरता आवरता, तुम्ही ऐकत असालच. आज आम्ही एका दिव्याची गोष्ट सांगणार आहोत. दिवा आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात एक संग्रहालय आहे, पूर्वी न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटी म्हणून ओळखलं जाणारं, तिथे तो ठेवलेला आहे. रेडिओवरून दिवा दाखवता येत नाही, तेव्हा तुम्ही तो डोळ्यांसमोर आणा.

खाली ब्राँझची बैठक. वर पालथ्या पातेल्याएवढी रंगीत काचेची शेड. तिच्या कडेने चतुर बसवलेले, डोकी खाली आणि पंख पसरलेले. चतुर म्हणजे तोच, पावसाळा सरताना शेतावर घिरट्या घालतो तो, ज्याच्या शेपटीला दोरा बांधायचा उद्योग आपल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. या चतुरांचे डोळे म्हणजे काचेचे टपोरे मणी. पंखांवर बारीक धातूची जाळी, खऱ्या पंखावरच्या शिरांसारखी. आत दिवा लावला की सगळं उजळतं.

या दिव्यांना जगभर टिफनी लॅम्प म्हणतात. लुई कम्फर्ट टिफनी हे न्यूयॉर्कचे मोठे कलाकार आणि कारखानदार, जन्म 1848 चा, मृत्यू 1933 चा. दिवा त्यांच्या कारखान्यात झाला, शिक्का त्यांच्या कंपनीचा, म्हणून चतुर त्यांनाच सुचला असणार, असं सगळे धरून चालले होते. पुस्तकांत तसंच छापलं गेलं, लिलावात तसंच सांगितलं गेलं. चतुर सुचला होता क्लारा ड्रिस्कोल नावाच्या बाईला, हे कळायला शंभरावर वर्षं गेली. आणि ते कळलं कशावरून, तर तिने घरी लिहिलेल्या पत्रांवरून.

क्लारा ओहायो राज्यातली, 1861 मध्ये जन्मलेली. वडील लहानपणीच गेले. घरात आई आणि चौघी बहिणी, क्लारा सगळ्यांत मोठी. आईने मुलींना शिकवलं. क्लारा चित्रकला शिकली, न्यूयॉर्कला आली आणि 1888 मध्ये टिफनींच्या कारखान्यात कामाला लागली. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि नोकरी सुटली. सुटली म्हणजे सोडावीच लागली. लग्न झालेल्या, एवढंच काय, लग्न ठरलेल्या बाईलाही तिथे काम करता येत नसे. 1892 मध्ये नवरा वारला आणि ती कामावर परतली. कारखान्याचं दार तिला उघडलं ते विधवा झाल्यावर.

नेमकं त्याच वर्षी कारखान्यात आणखी एक गोष्ट घडली होती. काच कापणाऱ्या आणि शिशात बसवणाऱ्या पुरुष कारागिरांनी संप केला. शिकागोचं मोठं जागतिक प्रदर्शन 1893 वर येऊन ठेपलं होतं आणि तिथे पाठवायचं काम अडून बसलं. टिफनींनी बायका कामावर घेतल्या आणि त्यांचा वेगळा विभाग काढला. क्लारा त्या विभागाची प्रमुख झाली. टिफनी म्हणत, बायकांना रंगाची जाण जास्त असते आणि त्यांची बोटं चपळ असतात. हे कौतुक तुम्ही-आम्हीही ऐकलेलं आहे. बायकांची बोटं नाजूक आहेत हे मालकाच्या लक्षात येतं तेव्हा बहुतेक वेळा कुठेतरी मजूर कमी पडलेले असतात.

आता ही बोटं काय करत होती ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे.

या शेडवर रंगकाम नाही. रंग काचेतच असतो. न्यूयॉर्कजवळ कोरोना नावाच्या जागी टिफनींची काचेची भट्टी होती. तिथे दुधाळ, ढगाळ, एका रंगात दुसरा मिसळलेली अशी काच तयार व्हायची. क्लारा आधी कागदावर नक्षी काढायची. ती नक्षी शेडच्या आकाराच्या लाकडी साच्यावर उतरवली जायची. मग प्रत्येक पाकळीचा, प्रत्येक पानाचा कापून घ्यायचा आकार, आपण ब्लाउजचं कटिंग कागदावर करतो तसा. यानंतरचं काम सगळ्यांत अवघड. काचेची भलीमोठी पाटी उजेडासमोर धरायची आणि शोधायचं, की या पाटीत पाकळी कुठे दडलेली आहे. जिथे गुलाबी रंग कडेला फिका होत गेला आहे, तिथेच आकार ठेवायचा. दोन बोटं सरकलं तर पाकळी मेली. मोराच्या पिसाची काठ असलेली पैठणी कापायला घेतल्यावर छाती धडधडते ना, तसं हे, आणि दिवसभर.

तुकडा कापला की त्याच्या कडेने तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची. पुढे त्या पट्ट्या एकमेकींना डाख देऊन जोडतात. डाखाचं काम पुरुषांच्या विभागात व्हायचं. तांब्याची पट्टी वापरली की तुकडा नखाएवढा लहान असला तरी चालतो, आणि म्हणूनच शेडला गोलाई देता येते, फुलं खरी वाटतात. विस्टेरिया नावाची वेल असते, बहाव्यासारखे लोंबते घोस, पण जांभळ्या रंगाचे. त्या वेलीचा एक दिवा क्लाराने केला. त्याच्या एका शेडमध्ये जवळजवळ 2,000 तुकडे आहेत. सगळे निवडलेले, कापलेले, गुंडाळलेले. एकाच नमुन्याचे दोन दिवे शेजारी ठेवले तरी रंग सारखे नसतात, कारण निवडणारी नजर वेगळी, पाटी वेगळी.

चतुराच्या दिव्याला 1900 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात कांस्यपदक मिळालं. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने क्लाराचं नावही छापलं होतं. पण वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं आणि शिक्का ब्राँझवर राहतो.

पगाराचं सांगायला हवं. क्लाराला आठवड्याला 35 डॉलर मिळत. त्या काळच्या बाईला ही मोठीच रक्कम होती, हे खरं. विस्टेरियाचा एक दिवा मात्र साडेतीनशे-चारशे डॉलरना जायचा. म्हणजे जिने तो कल्पिला, तिचा दहा-अकरा आठवड्यांचा पगार. तिच्या हाताखालच्या मुलींना तर तो स्वप्नातही घेता आला नसता.

लग्नाचं ग्रहण क्लाराला आणखी एकदा लागलं. 1896 मध्ये तिचं दुसरं लग्न ठरलं, तिने नोकरी सोडली, आणि तो गृहस्थ चक्क नाहीसा झाला. ती पुन्हा कारखान्यात आली. तिच्या नावावर सांगितले जाणारे बहुतेक गाजलेले दिवे त्यानंतरचे आहेत. तो माणूस बोहल्यावर उभा राहिला असता तर विस्टेरिया झाला नसता, असा विचार मनात येतोच. बाईची कला कुणाच्या बेभरवशी वागण्यावर तगून राहावी, हे काही बरं नाही.

आणि 1903 मध्ये पुरुषांच्या युनियनने बायकांच्या विभागाविरुद्ध उठाव केला. आमचं काम या बायका पळवतात, असं त्यांचं म्हणणं. बायकांना त्या युनियनचं सभासद होता येत नव्हतं, म्हणजे बोलायला जागा नाही. संपाची धमकी आली, क्लारा आपल्या मुलींसाठी चिंतेत पडली. शेवटी तडजोड झाली. विभाग राहील, पण बायकांची संख्या 27 च्या वर जाता कामा नये. आम्ही स्वतः संघटनेच्या बाजूच्या आहोत, रोजगार हमीच्या कामावर एकीने काय मिळतं ते पाहिलेलं आहे. तरी ही 27 ची रेघ आम्हाला पटत नाही. पुरुषांचं पोट खरं होतं, पण या मुलींनाही पोट होतंच.

क्लाराने 1909 मध्ये एडवर्ड बूथ यांच्याशी लग्न केलं आणि टिफनींचं काम कायमचं सुटलं. 1944 मध्ये ती वारली. दिव्यांची हौस त्याआधीच ओसरली होती. लोकांना ते जुनाट वाटू लागले. 1932 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. 1935 मध्ये डॉक्टर एगॉन न्यूस्टाट आणि त्यांची बायको हिल्डगार्ड नवीन संसारासाठी जुन्या सामानाच्या दुकानात गेले आणि त्यांनी डॅफोडिलच्या फुलांचा एक दिवा साडेबारा डॉलरला घेतला. पुढे ते घेतच गेले. हिल्डगार्ड गेल्यावर डॉक्टरांनी 1984 मध्ये 132 दिवे न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीला देऊन टाकले. तोवर वारं फिरलं होतं. 1997 मध्ये तर लिलावात टिफनींचा गुलाबी कमळांचा एक दिवा 28 लाख डॉलरना गेला.

आता पत्रांकडे येऊ. क्लाराच्या घरात फिरत्या पत्रांची पद्धत होती. आई आणि बहिणी वेगवेगळ्या गावी. एक पाकीट एकीकडून दुसरीकडे जायचं, प्रत्येक जण वाचायची, आपलं पत्र घालून पुढे पाठवायची. आपल्या व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपसारखंच, फक्त सकाळच्या शुभेच्छांशिवाय. क्लारा त्यात सगळं लिहायची. सायकल चालवली, नाटक पाहिलं, खानावळीत कोण काय म्हणालं, कुठल्या मुलीचं लग्न ठरलं आणि आता ती कारखाना सोडणार. आणि मध्येच, सहज, चतुराच्या दिव्याचं काम कुठवर आलं ते. इतिहासासाठी नाही, आईला कळावं म्हणून.

घरच्यांनी ती पत्रं फेकली नाहीत. त्यातली काही ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात पोचली, काही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या इतिहास मंडळात. 2005 च्या सुमारास मार्टिन आयडेलबर्ग आणि नीना ग्रे या दोन अभ्यासकांना ती वेगवेगळ्या वाटांनी सापडली. त्यांनी आणि संग्रहालयाच्या मार्गारेट होफर यांनी पत्रं आणि दिवे समोरासमोर ठेवून पाहिले, आणि 2007 मध्ये संग्रहालयाने क्लारा आणि तिच्या मुलींवर प्रदर्शन भरवलं. चतुर, विस्टेरिया, डॅफोडिल अशा एकेका दिव्यापाशी क्लाराचं नाव आलं. न्यूस्टाट पतिपत्नींनी साडेबारा डॉलरला घेतलेल्या त्या नमुन्याच्या मागेही तीच होती.

टिफनींनी चोरी केली असं आम्ही म्हणणार नाही. भट्टी त्यांची, कारखाना त्यांचा, प्रत्येक नमुना त्यांच्या नजरेखालून जाई, आणि क्लाराला त्यांच्याबद्दल आदर होता. एका नावाखाली माल विकायचा ही तेव्हाची रीत, आजचीही आहे. पापडाच्या पाकिटावर गटाचं नाव असतं, लाटणारीचं नसतं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. पण पाकीट संपतं. संग्रहालयातली वस्तू राहते, आणि तिच्याजवळच्या पाटीवर जे लिहिलेलं असतं तेच पुढच्या पिढीला खरं वाटतं. म्हणून ती पाटी बदलणं गरजेचं होतं.

तरीही काम पुरं झालेलं नाही. क्लाराच्या सोबत अॅग्नेस नॉर्थ्रप होत्या, त्यांनी खिडक्यांच्या काचा कल्पिल्या. अॅलिस गूवी होत्या. त्यांची नावं निघाली. उरलेल्या मुलींचा 1904-05 च्या सुमाराचा एक फोटो आहे. कारखान्याच्या गच्चीवर सगळ्या गोळा झालेल्या, लांब झगे, वर बांधलेले केस. यातली कुणी कुठली पाकळी निवडली, हे कुठल्याही पत्रात नाही.

आपल्या भागातल्या बऱ्याच जणींची मुलं-सुना तिकडे असतात आणि बाळंतपणाला तुम्ही सहा-सहा महिने जाऊन राहता. न्यूयॉर्कला गेलात तर सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला, 77 व्या रस्त्यावर हे संग्रहालय आहे. चौथ्या मजल्यावर अंधाऱ्या काचेच्या दालनात शंभरेक दिवे पेटलेले दिसतात, 2017 मध्ये ते दालन उघडलं. तिथे शेडच्या आतल्या कडेला डोकावून बघा, कंपनीचा शिक्का सापडेल. मग चतुराच्या पंखाशी थांबा आणि जाळीखालची काच बघा, एका टोकाला गडद, दुसऱ्याला विरळ. कुणीतरी ती पाटी उजेडासमोर धरून नेमका तेवढाच भाग निवडलेला आहे.