गुलाबी मांजा



मला पाच मिनिटं दिली आहेत, म्हणून शाळेची एकच आठवण सांगतो. नववीत असताना आम्ही चौघे शाळेच्या मागच्या भिंतीआड मांजा बनवायचो. साबुदाण्याची खळ, गुलाबी रंग आणि फुटक्या बाटल्यांची वस्त्रगाळ काच. बोटं चिरायची, पण त्याचाही अभिमान वाटायचा. पीटीच्या सरांनी एकदा आमची फिरकी जप्त केली, ती अजून परत मिळालेली नाही. सर समोरच बसले आहेत.

निवृत्त झाल्यापासून मी जखमी पक्ष्यांच्या एका केंद्रात मदतीला जातो. संक्रांतीच्या आठवड्यात तिथे जेवायलाही उसंत नसते. कबुतरं, बगळे, घुबडं, आणि घारी. पतंग ज्या उंचीवर उडतात तिथेच घार घिरट्या घालते. त्यात नेमका हाच तिचा घरटं बांधण्याचा हंगाम.

गेल्या वर्षी आपल्या शाळेतूनच फोन आला. मैदानाकडेच्या निलगिरीवर घार उलटी लटकली होती. अग्निशमन दलाच्या जवानांनी तिला उतरवलं. घारीच्या पंखात खांदा आणि मनगट यांच्यामध्ये कातडीचा पातळ पडदा असतो, तो चिरला होता. आतला स्नायुबंध मात्र शाबूत होता. तो तुटला असता तर जन्मभर पिंजराच.

डॉक्टरांनी जखमेतला दोरा काढून ट्रेमध्ये टाकला. मी वर्षानुवर्षं नायलॉनला शिव्या देत आलो होतो. ‘आमच्या वेळचा सुती मांजा बरा होता,’ असं भेटेल त्याला सांगायचो. हा दोरा सुती होता. आणि गुलाबी. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, ती नायलॉनबरोबर काच लावलेल्या सुती मांजावरही. हे मला माहीत होतं, पण ते आपल्याबद्दल आहे असं कधी वाटलं नव्हतं.

टाके घातल्यावर सुरुवातीचे दिवस तिला अंधाऱ्या खोक्यात ठेवलं. वनखात्याला कळवलंच होतं, कारण घार संरक्षित पक्षी आहे, घरी पाळता येत नाही. तिच्याशी बोलायचं नाही, तिला नाव द्यायचं नाही. माणसाची भीती गेली की बाहेर तिचा निभाव लागणं कठीण. मला ते फार जड गेलं. मांसाचे तुकडे ठेवायचे आणि मागे वळून न बघता निघायचं. पाच आठवड्यांनी मोठ्या पिंजऱ्यात सोडलं, तर उतरताना डावा पंख खाली पडायचा. आणखी दहा दिवस थांबलो.

पक्षी जिथे सापडला तिथेच सोडायचा असतो. जोडीदार, झाड, सगळं तिथलंच. म्हणून मार्चच्या पहिल्या रविवारी, ऊन जरा तापल्यावर, खोकं घेऊन आपल्या मैदानात गेलो. झाकण उघडलं. मला वाटलं होतं, झेपावेल. ती चालत बाहेर आली, इकडेतिकडे पाहिलं आणि उडी मारून मागच्या भिंतीवर जाऊन बसली. वीस मिनिटं बसली. कावळे जमले. आपण घाई केली, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग ती निघाली, अगदी खालून, सायकल स्टँडला घासतेय की काय अशी. डावा पंख किंचित ताठ होता. पण स्टँडच्या पुढे तिला वारा मिळाला. पाण्याच्या टाकीपर्यंत कावळे तिच्या मागे होते, नंतर तेही परतले.

निघताना निलगिरीखालचा दोरा गोळा केला. दोन पिशव्या भरल्या. सर, ती फिरकी तुमच्याकडे अजून असेल, तर मला परत नको.