उशाशी औषध, उशाशी शास्त्र
(स्वागताध्यक्षीय भाषण)



परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपले मिरजेत मनापासून स्वागत करते. अहिल्यानगर, जालना, पुणे, कोल्हापूर, वसई अशा लांबलांबच्या ठिकाणांहून आपण आलात. ज्यांची गाडी पहाटे लागली, त्यांना आमच्या तरुण संघाच्या मुलांनी स्टेशनवर चहा दिला असेल. तो गार होता अशी तक्रार माझ्या कानावर आली आहे, ती मान्य आहे. राहण्याजेवण्यात काही कमीजास्त झाले तर मुलांना बोलू नका, मला सांगा.

मिरजेला परगावचा माणूस मुख्यतः दोन कामांसाठी येतो. एक तंबोरा घ्यायला आणि दुसरे दुखणे दाखवायला. तंबोऱ्यातले मला काही कळत नाही. दुखण्याबद्दल मात्र बोलायचा थोडा अधिकार आहे, कारण माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. एखाद्या आमदारांना किंवा कारखानदारांना स्वागताध्यक्ष करायची आपल्याकडची रीत मोडून समितीने एका निवृत्त नर्सला उभे केले, ते परिषदेचा विषय 'आध्यात्मिक आरोग्य' असल्यामुळेच. मांडव, जेवण आणि देणग्या यांचा भार उचललेली माणसे मागच्या रांगेत बसली आहेत. खरे स्वागताध्यक्ष तेच.

या गावाचा आणि आपल्या विषयाचा संबंध जुना आहे. विल्यम वानलेस हे तरुण कॅनेडियन डॉक्टर 1889 मध्ये हिंदुस्थानात आले. 1894 मध्ये त्यांनी इथले मिशन हॉस्पिटल सुरू केले आणि 1897 मध्ये वैद्यकीय शाळा काढली. 1928 साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. ती आज कोणाच्या लक्षात नाही. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी मात्र रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. क्षयाच्या रोग्यांसाठी तिथे आरोग्यधाम उभे राहिले. तेव्हा क्षयावर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले 1943 मध्ये, वानलेस साहेब गेल्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे बरे करण्याची खात्री देता येत नाही अशा माणसांसाठी या लोकांनी खाटा टाकल्या, उघड्या हवेची सोय केली, दूधअंडी दिली आणि रोज उशाशी बसून प्रार्थना केली. रोग हटवता येत नसेल तर रोग्यासाठी काय करायचे, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. आज आपल्यापुढे तोच प्रश्न आहे, आणि आपण तो फार वेळा टाळतो असे मला वाटते.

आता शास्त्राकडे येते. इथे माझ्यापेक्षा अभ्यासू माणसे बसली आहेत, तरी एका नर्सचे वाचन म्हणून ऐकून घ्यावे.

मार्काचे शुभवर्तमान उघडले की पहिल्याच अध्यायात पेत्राची सासू तापाने पडलेली दिसते, संध्याकाळी सगळे गाव दुखणाईत घेऊन दाराशी जमते आणि अध्याय संपायच्या आत एक कुष्ठरोगी येऊन गुडघे टेकतो. शुभवर्तमानांमधून आजारी माणसे काढली तर मागे फारसे काही उरणार नाही. नोकरीच्या सवयीने मी हे प्रसंग केसपेपर चाळावेत तसे चाळत आले आहे. ठरलेली अशी पद्धत त्यात नाही. कुठे नुसता शब्द आहे, कुठे स्पर्श, कुठे थुंकी कालवलेली माती. बेथसैदाच्या आंधळ्यावर तर दोनदा हात ठेवावे लागले. पहिल्या खेपेला त्याला धूसरच दिसले. स्वतः प्रभूच्या हातून बरे होतानाही एका माणसाला मधली अवस्था होती, हे वाचून वॉर्डातल्या अनेकांना धीर आलेला मी पाहिला आहे.

पण केसपेपरात मी खास शोधत होते ती नोंद वेगळी होती. तुझा विश्वास कमी पडला म्हणून तू बरा होणार नाहीस, असे येशूने एखाद्या रोग्याला सांगितले आहे का? मला एकही सापडला नाही. छप्पर उकलून ज्याला खाली सोडले त्या पक्षाघाती माणसाच्या वेळी लक्षात घेतला गेला तो त्याला आणणाऱ्यांचा विश्वास. झटके येणारा मुलगा शिष्यांच्या हातून बरा झाला नाही, तेव्हा कानउघाडणी झाली शिष्यांची. मुलाला कोणी शब्दाने दुखावले नाही. अभ्यासू लोक म्हणतील, नासरेथचे काय? तिथे अविश्वासामुळे मोठी कामे झाली नाहीत, हे खरे. पण तिथेही जे थोडे आजारी पुढे आले ते बरे झालेच. बोल लागला तो धडधाकट गावकऱ्यांना. अल्पविश्वासाचा ठपका शास्त्रात प्रार्थना करणाऱ्यावर येतो, पाहणाऱ्यावर येतो. खाटेवरच्या माणसावर तो टाकायची पद्धत आपण पाडली.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले. तरीही वॉर्डात भेटायला येणारे विश्वासी आजही फळांची पिशवी स्टुलावर ठेवून पहिला प्रश्न तोच करतात, फक्त आडवळणाने. "ताई, मनात काही अढी राहिलीय का कोणाबद्दल?" गर्भाशयाच्या कर्करोगाने खंगलेली बाई तिसऱ्या केमोनंतर उलटी आवरत या प्रश्नाचे उत्तर शोधत राहते. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. तेवढे दिवस ते उत्तम मित्र होते. तोंड उघडले आणि बिघडले.

औषधाला शास्त्राने कमी लेखलेले नाही. हिज्कीयाने रडून प्रार्थना केली, आयुष्याची वर्षे वाढवून मिळाली, आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. पौलाच्या अंगावरचे रुमाल लावून लोक बरे होत, असे प्रेषितांच्या कृत्यांमध्ये आहे. तोच पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवून पुढे जातो आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती करूनही तो काटा घेऊन जगतो. त्याच्यासोबत लूक होता, जो वैद्य होता. हिज्कीया, तीमथ्य, त्रफिम आणि पौल या चौघा आजाऱ्यांपैकी कोणाच्या विश्वासावर शंका घ्यायची?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर शोधायला मिलेतापर्यंत जायला नको. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायच्या इराद्याने. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ती वाट बंद झाली. त्यांचा बाप्तिस्मा त्याच वर्षी झाला, बहिरेपण मात्र गेले नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून वाचवलेल्या, घरातून हाकललेल्या, विकल्या गेलेल्या मुली गोळा केल्या. 1905 मध्ये तिथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली, मुली रात्र रात्र प्रार्थनेत असत. त्याच आवारात विणकाम होते, छापखाना होता आणि अंध स्त्रियांसाठी वेगळे घर होते. त्या घराला बार्तीमयाचे नाव दिलेले होते.

या नावाचा मी पुष्कळ विचार केला आहे. शास्त्रातल्या बार्तीमयाला दृष्टी मिळाली आणि तो वाटेने येशूच्या मागे निघाला. केडगावच्या मुलींना दृष्टी मिळाली नाही. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवली आणि त्या बोटांनी वाचू लागल्या. रात्रभर प्रार्थना करणाऱ्या त्या संस्थेत, आज डोळे उघडतील उद्या उघडतील म्हणून त्यांना नुसते बसवून ठेवले नाही, आणि डोळे उघडले नाहीत म्हणून त्यांच्या श्रद्धेची झडतीही घेतली नाही. कानाने अधू असलेल्या रमाबाई अखेरपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतराचे काम करत राहिल्या. ते हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांत, 5 एप्रिल 1922 रोजी, त्या गेल्या. केडगावात चंगाई झाली का, असे मला कोणी विचारले तर मी झाली म्हणेन.

मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे. प्रतिनिधींनी वेळ काढून तिकडे जरूर जावे. लेवीय पुस्तकात कुष्ठरोग्याला तपासून शुद्ध ठरवण्याचे काम याजकाचे होते, म्हणूनच येशूने त्या दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे धाडले. कातडी निवळणे पुरेसे नव्हते. गावाने आत घेणे बाकी होते. आज औषधांनी जंतू मरतात, उपचार पूर्ण झाल्याचा कागद हातात मिळतो, आणि खरे दुखणे तिथून सुरू होते. आपल्या ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते 2019 मध्ये काढले गेले. आणि ते संसदेने काढले. आपल्या मंडळ्यांनी त्यासाठी किती आवाज उठवला होता, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

एका आजींकडे मी घरप्रार्थनेला गेले होते. उपचार कधीच पूर्ण झालेले, बोटे मात्र आखडलेली. त्यांच्या स्टीलच्या ताटाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, भांडी एकत्र होऊ नयेत म्हणून सुनेने दिलेला. प्रार्थना झाली, पोहे आले. आमच्या पाळकबाईंनी काही न बोलता मांडणीवरचे ते ठिपक्याचे ताट उचलले आणि आपले पोहे त्यात घ्यायला लावले. सून गोरीमोरी झाली. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागून घेतला. तेल लावून केलेल्या प्रार्थनेइतकेच हेही काम मंडळीचे आहे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने वडीलजनांना बोलवावे असे आहे. वडीलजनांनी त्याच्या घरी जायचे असते, त्याला स्टेजवर आणायचे नसते.

स्टेजचा विषय निघाला आहे, तर स्पष्टच बोलते. एका तरुणाला फिट्स येत. गोळ्यांवर दोन वर्षे तो ठणठणीत होता. एका सभेत त्याला सांगण्यात आले की गोळी घेणे म्हणजे शंका घेणे. त्याने व्यासपीठावरून साक्ष दिली, टाळ्या झाल्या, गोळ्यांचे पाकीट तिथेच टाकले गेले. काही दिवसांनी तो आमच्याकडे आला तो सलग झटके येत असलेल्या अवस्थेत. तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी विचारले, "सिस्टर, सभेतल्या लोकांना कळलं का?" आजारापेक्षा साक्ष खोटी पडल्याची लाज त्याला जास्त होती. मिरगी, मधुमेह, कर्करोग अशा रोगांवर चमत्काराने इलाज करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण पोलिसाने येऊन सांगावे अशी वेळ आपण का आणावी?

डॉक्टर मंडळींनो, तुम्हालाही थोडे. टेबलावर घेतलेला रोगी डोळे मिटून ओठ हलवत असतो, तेव्हा भूल द्यायला अर्धा मिनिट उशीर झाला तर काही बिघडत नाही. आणि मनाच्या आजारांना 'विश्वासात कमी पडला' म्हणणारे पाळक जसे आहेत, तसे 'काही नाही हो, मनाचे खेळ' म्हणणारे डॉक्टरही आहेत. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीयाकडे देवदूत आला तेव्हा त्याने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खायला घातले. बोलणे पुष्कळ नंतर, डोंगरावर झाले. हा क्रम दोघांनीही पाठ करावा.

आपल्या चर्चांना वक्ते विद्वान आहेत, त्यामुळे मी आणखी वेळ घेत नाही. स्वागत समितीची परिषदेला एकच विनंती आहे. आपल्या कोणत्याही व्यासपीठावरून कोणालाही औषध बंद करायला सांगितले जाणार नाही, असा ठराव समारोपाच्या सत्रात व्हावा आणि तो प्रत्येक मंडळीत वाचून दाखवावा.

उद्या दुपारी साक्षीचे सत्र आहे. ज्यांनी प्रार्थना केली आणि ज्यांचा आजार गेला नाही, त्यांच्यासाठी त्यात दोन जागा आम्ही मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. बोलू इच्छिणाऱ्यांनी आज संध्याकाळपर्यंत नोंदणीच्या टेबलावर नाव द्यावे.