मावळच्या डोंगरांतील नगरी

मोठ्या शहरांतील कला पाहावयाची म्हणजे वस्तुसंग्रहालयें, राजवाडे आणि देवालयें धुंडाळीत हिंडावयाचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु एक नगरी अशी आहे कीं, तिची कला पाहावयास मावळच्या डोंगरांत जावें लागतें. आणि ती नगरी स्वतः मात्र नाहींशी झाली आहे. तिचें नांव धेनुकाकट. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील खांबांवर तें नांव पुनःपुन्हां कोरलेलें आहे. ती कोठें वसली होती याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. नगरी गेली, तिच्या नागरिकांचें दान तेवढें राहिलें.

वैशाखांतील उन्हाळा चुकविण्यासाठीं पुण्यामुंबईचीं कुटुंबें लोणावळ्यास जातात. त्यांनीं एक दिवस थंड हवेचा मोह सोडून हीं लेणीं पाहावीं. मात्र पाहण्याचा क्रम सूर्याच्या गतीप्रमाणें ठेवावा. बेडशाचें लेणें पूर्वाभिमुख आहे, तर भाजें आणि कार्लें हीं पश्चिमाभिमुख आहेत. म्हणून सकाळीं बेडसें, दुपारीं भाजें आणि उन्हें कलतांना कार्लें, असा बेत केला म्हणजे प्रत्येक ठिकाणीं योग्य तो प्रकाश आणि योग्य ती सांवली मिळते.

कामशेत स्थानकावर उतरून बेडशाचा डोंगर गांठावा. कोंवळ्या उन्हांत तेथील ओसरीचे सुमारें पंचवीस फूट उंचीचे खांब उजळून निघतात. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे आणि बैल बसलेले असून त्यांच्या पाठीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या आहेत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा लेख येथें आहे. शेजारचा विहार चौकोनी नसून मागील बाजूस अर्धगोल व वर कमानदार छताचा आहे. असा विहार क्वचितच पाहावयास मिळतो.

मळवलीहून भाज्यास पोंचेपर्यंत ऊन तापलेलें असतें. पण डोंगराच्या पोटांत शिरतांच अंगास गारवा लागतो. भाज्याचें चैत्यगृह इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील, म्हणजे या तिन्हींत जुनें, मानलें जातें. त्याचे सत्तावीस खांब सरळ उभे नाहींत. ते आंतल्या बाजूस कललेले आहेत. याचें कारण असें कीं, लांकडी इमारतींत छताचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार ते तिरपे रोवीत. दगडांत कोरलेल्या खांबांना या रेट्याची भीति नव्हती. तरी कारागिरांनीं सुतारांची रीत सोडली नाहीं. दगडी छतालाहि त्यांनीं लांकडी फांसळ्या बसविल्या. दक्षिणेकडील विहारांत चार घोड्यांच्या रथांतील आणि प्रचंड हत्तीवरील अशा दोन आकृति कोरलेल्या आहेत. त्यांना पुष्कळ जण सूर्य आणि इंद्र समजतात. कांहीं पंडितांचें मत निराळें आहे.

उन्हाळ्यांत या डोंगरावर माणसें कशीं राहत, हा प्रश्न मनांत येतो. त्याचें उत्तर कातळांत खोदलेल्या टांक्यांत आहे. जुन्या लेखांत त्यांस ‘पोढी’ म्हटलें आहे. मावळांत पाऊस अतोनात. तो या पोढींत सांठवून पुढें वापरीत. भाज्यास अशा एका पोढीचें दान महारठी विष्णुदत्तानें दिलें, असा लेख आहे. मूर्तीइतकेंच पाणीहि पुण्यकारक मानणाऱ्या लोकांची ही दृष्टि आजहि ध्यानांत घेण्यासारखी आहे.

तिसऱ्या प्रहरीं कार्ल्याच्या पायऱ्या चढाव्या. दाराशीं एकवीरा देवीचें देऊळ आहे; चैत्रांतील यात्रेस कोळी बांधव तेथें मोठ्या संख्येनें लोटतात. जवळच महारठी अग्निमित्रणकानें दिलेला सिंहस्तंभ उभा आहे. आंतील चैत्यगृह सुमारें एकशें चोवीस फूट लांब, पंचेचाळीस फूट रुंद व जवळजवळ तितकेंच उंच आहे. कलत्या उन्हाचा प्रकाश घोड्याच्या नालासारख्या प्रचंड गवाक्षांतून आंत उतरतो. स्तूपावरील लांकडी छत्र आणि छताच्या सागवानी फांसळ्या सुमारें दोन हजार पावसाळे सोसून अद्याप टिकून आहेत.

हें वैभव कोणा एका राजाचें नव्हे. नहपानाचा जांवई उषवदात यानें येथील भिक्षूंच्या वर्षावासासाठीं करजिक नांवाचें गांव दिलें, आणि वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें जंबुद्वीपांतील सर्वोत्तम शैलगृह पुरें केल्याचा लेख कोरविला, हें खरें. परंतु खांब दिले ते धेनुकाकटच्या नागरिकांनीं, आणि त्यांत कित्येक यवन होते. दाराचा खर्च केला सिंहदत्त नांवाच्या अत्तरविक्यानें. आणि वेणुवासाचा पुत्र सामी या सुतारानें आपण दार घडविल्याचें लिहून ठेवलें. व्यापारी, परदेशी आणि कारागीर यांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें वांटा उचलला. घांटमार्गानें कोंकणच्या बंदरांशीं चालणाऱ्या व्यापाराचा पैसा असा कातळांत उतरला.

आज याच भिंतींवर आणखीहि नांवें दिसतात: खिळ्यानें ओरखडलेलीं, कोळशानें लिहिलेलीं. जुन्या लोकांनीं आधीं खांब दिला आणि मग नांव कोरलें; नव्यांनीं कांहीं न देतां नांव कोरलें, आणि दुसऱ्याच्या दानाची नासाडी केली. हीं लेणीं केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. परंतु प्रत्येक खांबाशीं पहारेकरी उभा करणें कोणत्याहि सरकारास शक्य नाहीं. सहलीस नेलेल्या मुलांच्या हातीं खिळा देण्याऐवजीं त्यांना सामी सुताराचें नांव सांगितलें, तर तेंच अधिक उपयोगी पडेल. धेनुकाकट कोठें होतें हें कधीं काळीं उलगडेलहि. पण तोंवर त्या नगरीचा पत्ता सांगणारीं हीं अक्षरें शाबूत राहिलीं पाहिजेत.