मतकरींचे घर आणि मतकरींचा रंगमंच

(जाम, जि. वर्धा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जाम हे रस्त्यांचे गाव. नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग येथून जातो, आणि चंद्रपूरचा रस्ताही येथूनच फुटतो. त्या बाजूला, झाडीपट्टीत, धानाची कापणी आटोपली की रात्ररात्र नाटके रंगतात. कापसाच्या आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात नाटक तसे मुक्कामाला येत नाही. आपल्या सभांतून कला असते ती एवढीच : वक्ते येईपर्यंत दोन गाणी व्हावयाची, मांडव भरला की गाणाऱ्या मुलांनी सतरंजीवर बसावयाचे, आणि मग ‘खरा’ कार्यक्रम सुरू व्हावयाचा. या सवयीचा विचार करावा म्हणून रत्नाकर मतकरी या नाटककार-दिग्दर्शकाचे उदाहरण येथे घेतले आहे.

मतकरींचा जन्म मुंबईत १७ नोव्हेंबर १९३८ रोजी झाला. १९५५ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतबाहेर, ‘वेडी माणसं’ ही त्यांची एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली. १९५८ साली अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते बँक ऑफ इंडियात लागले आणि १९७८ पर्यंत तेथेच राहिले. कलावंताच्या चरित्रात अशा नोकरीचा उल्लेख ओझरता होतो. समाजवादी माणसाने तरी तो तसा करू नये. नाटकाला पैसा कोणाचा लागला, हा प्रश्न नाटक काय सांगते या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. बँकेच्या त्या पगारामुळे मतकरींना तिकीटविक्रीच्या खिडकीकडे डोळे लावून लिहावे लागले नाही.

सुधा करमरकरांनी १९५९ साली लिट्ल थिएटरतर्फे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले, ते मतकरींनी लिहिले होते. पुढे १९६२ साली त्यांनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ ही नाटके तिची. पदरचा पैसा घालून सुमारे तीस वर्षे हे काम चालले. यातले ‘चालले’ हे क्रियापद फसवे आहे. काम आपोआप चालत नाही. कोणीतरी ते चालवीत असते. येथे ते चालविणाऱ्यांत प्रतिभा मतकरी होत्या. त्या अभिनेत्री होत्या, संस्थेच्या कामात बरोबरीच्या भागीदार होत्या, आणि घरही त्यांनाच सांभाळावयाचे होते. मतकरींवरील गौरवलेखांत त्यांना ‘पत्नीची साथ लाभली’ असे एक वाक्य मिळते. समतेच्या गोष्टी बोलणाऱ्या आपल्या वर्तुळातही कार्यकर्त्याच्या बायकोच्या वाट्याला याहून मोठे वाक्य क्वचितच येते.

हा विषय मतकरींच्या लेखनाला परका नव्हता. ‘घर तिघांचं हवं’ हे त्यांचे नाटक ताराबाई मोडक यांच्या जीवनावर आहे. ताराबाईंच्या संसाराचा आरंभीचा काळ आपल्या अमरावतीत गेला. तो संसार मोडला आणि बालशिक्षणाचे त्यांचे काम उभे राहिले. सार्वजनिक काम आणि घर यांची ओढाताण बाईच्या बाजूने पाहिली तर कशी दिसते, हा त्या नाटकाचा गाभा. १९३७ च्या शिक्षण परिषदेचा आणि सेवाग्रामच्या नई तालीमचा अभिमान बाळगणाऱ्या या जिल्ह्यात त्याचे वाचन तरी व्हावयास हरकत नाही.

मतकरींच्या घरात तालमी आणि संसार यांच्यामध्ये फारशी भिंत नव्हती. मुलगी सुप्रिया अभिनेत्री झाली. वडिलांनी लिहिलेल्या ‘इंदिरा’ या नाटकात इंदिरा गांधींची भूमिका तिने केली. मुलगा गणेश वास्तुरचनाकार, आणि चित्रपटांवर लिहिणारा लेखक. १९७४ साली आलेले ‘आरण्यक’ २०१८ साली पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा रवी पटवर्धन आणि दिलीप प्रभावळकर यांच्यासह प्रतिभाताईही त्यात उभ्या राहिल्या. महायुद्धानंतर वनात गेलेल्या वृद्धांचे हे नाटक चव्वेचाळीस वर्षांनी खरोखरीच वृद्ध झालेल्या नटांनी केले.

‘लोककथा ७८’ हे आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे नाटक. खेड्यातील दलितांवरील अत्याचार, गावातील सत्ता आणि तिच्यापुढे नमलेली यंत्रणा हा त्याचा विषय. मांडणी लोकनाट्याच्या अंगाने केलेली. पत्रकात जे दोन ओळींत आटोपते ते येथे माणसांच्या तोंडून ऐकावे लागते. त्याच लेखणीने गूढकथा लिहिल्या, दूरदर्शन मालिका लिहिल्या, व्यावसायिक नाटकेही दिली. काही पुरोगामी मंडळींना हे अडचणीचे वाटते. वाटो! भुताची गोष्ट लिहिणारा माणूस अन्यायाविषयी कमी गंभीर असतो, असे मानण्याचे कारण नाही.

नर्मदा खोऱ्यातील विस्थापितांची बाजू त्यांनी स्वतः काढलेली चित्रे दाखवीत, कथाकथनाच्या रूपाने लोकांपुढे मांडली. ‘निर्भय बनो’ आंदोलनातही ते होते. मोर्चात चार पावले चालून छायाचित्रापुरते थांबणारे कलावंत आपल्या परिचयाचे आहेत. मतकरी चळवळीकडे आले ते आपले हत्यार घेऊन आले.

आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत, समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर, ठाण्यातील श्रमिक वस्त्यांमधील मुलांसाठी त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. येथे त्यांनी एक गोष्ट मुद्दाम टाळली. प्रबोधनाची संहिता लिहून ती मुलांकडून पाठ करून घेणे त्यांना सहज शक्य होते. आपण बहुधा तेच केले असते. त्यांनी मुलांना त्यांचेच विषय शोधावयास लावले. वस्तीतले पाणी, घरातली दारू, शाळा सुटणे, असे जे मुलांच्या जगण्यात होते तेच नाटिकांत येऊ शकले. साठ वर्षे रंगभूमीवर घालविलेला माणूस खाली बसला आणि मुले वर उभी राहिली.

१७ मे २०२० रोजी, करोनाच्या साथीत, मुंबईत त्यांचे निधन झाले. टाळेबंदीचे दिवस होते. शोकसभेलाही माणसे जमू शकली नाहीत.

जाममध्ये नाट्यगृह नाही, ही सबब येथे पुढे येईल. ठाण्याच्या त्या मुलांनाही आरंभी रंगमंच ठाऊक नव्हता. शाळेची ओसरी, समाजमंदिर, कापूस उचलल्यानंतर रिकामे झालेले अंगण, यांपैकी काहीही चालेल. तेव्हा पुढच्या सभेपूर्वी जी मुले गातील त्यांना सतरंजीवर बसविण्याआधी एवढे विचारावे, की त्यांना स्वतःला काय सांगावयाचे आहे; आणि त्यांचे सांगून होईपर्यंत वक्त्यांनी थांबावे.