बादलीतलं पाणी



अशा परिषदेत अध्यक्षानं आपल्या विषयाची थोरवी गावी, निधीच्या टंचाईबद्दल कुरकुर करावी आणि चहा निवायच्या आत थांबावं, असा रिवाज आहे. थोरवी तुम्ही जाणता आणि कुरकुर तुम्हाला पाठ आहे, म्हणून ते दोन्ही गाळतो. मला आज एका बादलीविषयी बोलायचं आहे. गळाला लावण्यासाठी जिवंत मासे ज्यात ठेवतात, ती बादली.

१९८८ साली अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा एक शिंपला सापडला. हा झेब्रा शिंपला मूळचा काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या खोऱ्यांतला. मालवाहू जहाजं तोल राखण्यासाठी पोटात पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ते ओततात. त्या पाण्यातून तो आला. इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. खरा प्रश्न पुढचा. पंचमहासरोवरांतून तो आतल्या भागातल्या शेकडो लहान तळ्यांत गेला कसा? तिथं जहाज जात नाही. अनेक तळ्यांना एकमेकांशी जोडणारा ओढासुद्धा नाही.

त्याला माणसांनी नेलं, आणि तीही तळ्यावर जीव टाकणारी माणसं. शनिवारी पहाटे गाडीमागं होडी जोडून निघणारा हौशी मासेमार एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यावर जातो. होडीच्या तळाशी दोन तांबे पाणी राहतं, नांगराला शेवाळ अडकतं, आणि बादलीत उरलेली आमिषाची मासळी असते. झेब्रा शिंपल्याची मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी देऊ शकते. अंड्यातून निघालेली पिल्लं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही आठवडे पाण्यात तरंगत राहतात. म्हणजे बादलीतलं पाणी स्वच्छ दिसतं तेव्हाही ते रिकामं नसतं. संध्याकाळी मासेमार उरलेली मासळी पाण्यात सोडून देतो. बिचारी जगतील, एवढाच त्याचा हेतू. भूतदयाच ती!

मिनेसोटा राज्यानं यावर जे नियम केले, ते मला फार शहाणपणाचे वाटतात. तळ्यावरून निघताना होडीचं बूच काढून पाणी ओतायचं. आमिष जिवंत ठेवायचं असेल तर बादलीतलं तळ्याचं पाणी टाकून नळाचं किंवा बाटलीतलं भरायचं. नको असलेलं आमिष कचऱ्यात टाकायचं, तळ्यात नाही. यात कुठल्या जातीचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही, कारण नियम पाण्यावरच आहे.

२०२१ साली तिकडे आणखी एक प्रकार उघड झाला. शोभेच्या माशांच्या दुकानांत काचेच्या टाकीत ठेवायचे शेवाळाचे हिरवे गोळे विकले जात होते. त्या गोळ्यांत झेब्रा शिंपले निघाले. ज्या राज्यांनी तळ्यांच्या काठावर तपासणी नाकी उभारली होती, तिथं हा पाहुणा थेट दिवाणखान्यात पोचला.

आता कोणी म्हणेल, महाराज, सोलापुरात हे कशाला? आपल्या उन्हाळ्यात झेब्रा शिंपला टिकणार नाही. खरं आहे, फार तापलेलं पाणी त्याला सोसत नाही. पण त्याचा एक जोडीदार आहे, चीनकडचा सोनेरी शिंपला, आणि त्याला ऊब मानवते. १९९१ मध्ये तो अर्जेंटिनात ला प्लाता नदीच्या मुखाशी दिसला आणि दहा वर्षांत पाराना नदीतून प्रवाहाच्या उलट वर चढत इताइपूच्या प्रचंड धरणापर्यंत गेला. पिल्लं प्रवाहाविरुद्ध पोहत नाहीत. त्यांना होड्यांनी चढवलं. वीजगृहांच्या नळांत, जाळ्यांवर, गाळण्यांवर थर बसले. २०२४ मध्ये तोच कॅलिफोर्नियात पोचला.

आणि आपण अगदीच कोरे आहोत असंही नाही. झेब्रा शिंपल्याच्याच कुळातला काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात नोंदला गेला. पुढं तो मुंबईच्या गोदीतही दिसला. हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या नौकातळांत सापडला, तेव्हा तिथल्या सरकारनं नौकातळांची तोंडं बंद करून पाण्यात ब्लीच आणि मोरचूद ओतलं, आतलं सगळं मारून टाकलं आणि शिंपला संपवला. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका जुन्या खाणीच्या डोहात २००६ साली पोटॅशियम क्लोराईड टाकून झेब्रा शिंपले संपवले. जगात यश मिळालं ते असं: बंदिस्त पाणी, लवकर लागलेला सुगावा आणि मन घट्ट करून केलेला विषप्रयोग.

उजनीत यातलं काय करणार? भीमेवरचं एकशे सतरा टीएमसीचं धरण. त्यात मोरचूद ओतता येत नाही, कारण तेच पाणी जलवाहिनीतून आपल्या घरी येतं. सोलापूरकराला नळाला चार-चार दिवसांनी पाणी येण्याची सवय आहे. उद्या त्या वाहिनीच्या आत शिंपल्यांचे थर चढले तर पाळी किती दिवसांवर जाईल याचा हिशेब महापालिकेच्या अभियंत्यांनी करावा. मी प्राणिशास्त्राचा माणूस आहे.

झेब्रा किंवा सोनेरी शिंपला उजनीत आल्याची नोंद नाही. पण बादली मात्र कधीच येऊन गेली आहे, आणि तिच्यातून मासे आले. भिगवणच्या किंवा इंदापूरच्या मासळीबाजारात उभं राहून टोपल्यांकडं बघा. चिलापी, चिलापी आणि चिलापी. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली देशात मुद्दाम आणला, गरिबाला स्वस्त प्रथिनं मिळावीत म्हणून. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळं पिल्लं जगण्याचं प्रमाण मोठं. मग आला आफ्रिकन मांगूर. केंद्रानं २००० साली त्याच्यावर बंदी घातली, हरित लवादानं २०१९ मध्ये पुन्हा बजावलं, आणि आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात मत्स्यव्यवसाय खात्याला तळी शोधून तो नष्ट करावा लागला. तळं फुटलं, पूर आला, की तो नदीत. आणि आता सकर मासा, दक्षिण अमेरिकेतला. काचेच्या टाकीची काच चाटून साफ ठेवतो म्हणून विकत घेतलेला. वीतभर झाला की घरात नकोसा होतो, आणि मग कोणीतरी पुण्य समजून नदीत सोडतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. भोई बांधवाच्या दृष्टीनं हा मासा म्हणजे बिनभाड्याचं कूळ.

इथं जरा थांबून एक गैरसोयीची गोष्ट बोलली पाहिजे. परका म्हणजे वाईट, एवढं सोपं सूत्र धरलं तर रोहू, कटला आणि मृगळ यांनाही हद्दपार करावं लागेल. तेही भीमेचे नव्हेत, गंगेकडचे; आपण सरकारी शिक्क्यानिशी धरणात सोडले. आणि चिलापीला शिव्या देताना हेही आठवावं की काठावरच्या कितीतरी घरांची चूल आज तिच्यावरच पेटते. पुण्याच्या सांडपाण्यानं जड झालेल्या पाण्यात मरळ आणि वाम मागं हटले, ही टिकली. तिला हाकला असा ठराव या सभागृहात सहज मंजूर होईल. धरणावर तो वाचून दाखवायला कोण जाणार, ते आधी ठरवा.

मला जास्त काळजी वाटते ती आपल्या देशी शिंपल्यांची, कारण त्यांच्या बाजूनं बोलणारं कोणी नाही. झेब्रा शिंपल्याचं पिल्लू स्वतंत्र तरंगतं. आपल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं पिल्लू तसं जगू शकत नाही. त्याला काही काळ माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहावं लागतं. तिथं ते वाढतं, मग गळून तळाशी पडतं. म्हणजे मासा बदलला की शिंपल्याचा पाळणाच गेला. प्रौढ शिंपले पुष्कळ वर्षं जगतात, त्यामुळं चिखलात ते दिसत राहतात आणि आपण समजतो सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात नवी पिढी आलेलीच नसते. भीमेतल्या कुठल्या शिंपल्याला कुठला मासा लागतो, चिलापीच्या कल्ल्यावर ते पिल्लू तगतं का, हा पीएच. डी.चा विषय आहे. त्याला महागडं यंत्र लागत नाही. एक सूक्ष्मदर्शक, काही टाक्या आणि चिकाटी पुरे. तरुण मित्रांनी दरवर्षी त्याच त्या जलगुणवत्तेच्या तक्त्यांऐवजी हे घ्यावं, अशी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती मत्स्यबीजाची. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बोटुकली लांबून येतात. त्या पिशवीत मासे कुठले, हे आपण पावतीवर वाचतो. पाणी कुठलं, हे कोणी विचारत नाही. पिशवी सोडण्याआधी त्यातलं तांब्याभर पाणी बारीक जाळीतून गाळून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला हे जमण्यासारखं आहे. हिप्परगा तलाव काही आपल्या प्रयोगशाळांपासून दूर नाही. शहरातल्या कंबर तलावात जलपर्णी पसरली, तेव्हा ती काढायला किती यंत्रं आणि किती माणसं लागली, हे शहरानं पाहिलं आहे. जलपर्णी निदान वरून दिसते.

आणि गळवाल्यांना चोर ठरवू नका. रविवारी बंधाऱ्यावर गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून बसणाऱ्या माणसाइतका पाण्याकडं एकटक बघणारा दुसरा कोणी नाही. नवा मासा गळाला लागला की पहिली बातमी त्याला असते, दुसरी भोई बांधवांना आणि शेवटची आपल्याला, तीही वर्तमानपत्रातून. म्हणून दुपारच्या सत्रात पहिला तास मासेमार संस्थांच्या प्रतिनिधींना दिला आहे. त्यांना प्रश्न विचारा; त्यांना व्याख्यान देऊ नका.

जाता जाता एक सूचना. उद्या भिगवणला आणि परवा हिप्परग्याला क्षेत्रभेट आहे. आपणही जाळी, गमबूट आणि नमुन्यांच्या बाटल्या घेऊन एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात उतरणारी माणसं आहोत. भिगवणला वापरलेलं साहित्य परवा चालणार नाही. ते बसमध्येच बांधून ठेवायचं आणि घरी गेल्यावर कडक उन्हात वाळवायचं. हिप्परग्यासाठी वेगळी, कोरडी जाळी नोंदणीच्या टेबलाशी ठेवली आहेत. सही करून न्यावीत.