सूर्य नसलेले ग्रह आणि वहीतली एक दुरुस्ती
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेले भाषण)



२०११ साली आम्ही याच सभागृहात आकाशाविषयी चार शब्द बोललो होतो. त्या दिवशी आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं की, आपल्या आकाशगंगेत जेवढे तारे आहेत, त्यांच्या जवळजवळ दुप्पट गुरूएवढे ग्रह कोणत्याही सूर्याविना फिरत आहेत. आपल्या वस्तीतल्या एका मुलाने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. आज तो मुलगा शिक्षक झाला आहे आणि तेच वाक्य तो आपल्या वर्गाला सांगतो, असं परवा आम्हांला कळलं. अभिमान वाटला, पण पोटात गोळाही आला. कारण ते वाक्य आता टिकलेलं नाही. म्हणून आजचा विषय आम्ही समितीकडून मुद्दाम मागून घेतला.

ग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. शुक्र, गुरू आपल्याला दिसतात ते सूर्याच्या उजेडाने. मग ज्याच्या जवळ सूर्यच नाही तो काळोखातला ग्रह शोधायचा कसा? त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग उष्णतेचा. चूल विझली तरी तवा बराच वेळ गरम राहतो ना, तसा नुकताच जन्मलेला ग्रह कोट्यवधी वर्षे ऊब बाहेर टाकत राहतो. ती ऊब डोळ्यांना दिसत नाही, अवरक्त किरण टिपणाऱ्या दुर्बिणीला दिसते. २०१३ साली हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या मदतीने सुमारे ८० प्रकाशवर्षांवर असा एक एकटा ग्रह सापडला. २०२१ साली वृश्चिक राशीच्या परिसरात एकदम ७० तरी असे ग्रह असल्याचं जाहीर झालं. पण हा मार्ग तरुण आणि मोठ्या ग्रहांपुरताच. पृथ्वीएवढा, थंड झालेला ग्रह त्याला सापडत नाही.

तिथे दुसरा मार्ग कामी येतो. जड वस्तू आपल्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाला वाकवते. दूरच्या ताऱ्यासमोरून एखादा काळोखा ग्रह सरकला, तर तो भिंगासारखं काम करतो आणि मागचा तारा काही वेळ जास्त तेजस्वी होतो, मग पुन्हा पहिल्यासारखा. आइन्स्टाइनने १९३६ साली हा परिणाम मांडला, पण तो प्रत्यक्ष दिसण्याची फारशी आशा नाही, असंही त्यानेच लिहिलं. १९९३ साली तो दिसला! आडवी आलेली वस्तू ताऱ्याएवढी असेल तर ही चमक काही आठवडे टिकते, गुरूएवढी असेल तर एक-दोन दिवस, पृथ्वीएवढी असेल तर फक्त काही तास. आणि एकदा झाली की तीच चमक पुन्हा होत नाही. म्हणून कोट्यवधी ताऱ्यांवर रात्रन्‌रात्र नजर ठेवावी लागते.

आता आमच्या त्या वाक्याकडे येऊ. न्यूझीलंडमधल्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या ‘मोआ’ या गटाने ४७४ चमका तपासल्या. त्यांपैकी १० दोन दिवसांपेक्षा कमी टिकल्या. त्या दहांवरून दुपटीचा हिशेब निघाला आणि तो २०११ साली छापून आला. आम्ही तोच सांगितला. पुढे चिलीमधल्या दुर्बिणीवरच्या ‘ओगल’ या पोलंडच्या गटाने २६१७ चमका तपासल्या. २०१७ साली त्यांनी दाखवून दिलं की, मोकळे गुरू फार तर चार ताऱ्यांमागे एक एवढेच असतील. म्हणजे कुठे दुप्पट आणि कुठे पाव!

पण त्याच तपासणीत काही फारच छोट्या चमका हाती लागल्या. २०२० साली जाहीर झालेली एक चमक तर अवघ्या ४२ मिनिटांच्या मापाची होती. तो ग्रह मंगळ ते पृथ्वी एवढ्या वजनाचा असावा. मग मोआ गटानेच नऊ वर्षांची निरीक्षणे पुन्हा चाळली आणि २०२३ साली नवा अंदाज दिला: एका ताऱ्यामागे सुमारे वीस मोकळे ग्रह, पण बहुतेक लहान. हाही अंदाजच बरं का, त्यात चूकभूल बरीच मोठी धरलेली आहे.

हे लहान ग्रह आले कुठून? बहुधा ते एखाद्या सूर्याभोवतीच जन्मले आणि मोठ्या ग्रहांच्या ओढाताणीत बाहेर फेकले गेले. काही मोठे मात्र ताऱ्यांसारखेच वायूच्या ढगातून एकटे घडले असावेत. २०२५ साली असा एक कोवळा ग्रह आजूबाजूचा वायू आणि धूळ दर सेकंदाला सहा अब्ज टन या वेगाने गिळताना दिसला.

एक अडचण राहतेच. नुसत्या चमकेवरून वजन नक्की कळत नाही. जवळची हलकी वस्तू आणि दूरची जड वस्तू सारखीच चमक देऊ शकते. नाकासमोर अंगठा धरा आणि एकेक डोळा मिटून बघा, अंगठा सरकल्यासारखा वाटतो. तसे दोन डोळे हवेत. २०२४ च्या मे महिन्यात तो योग आला. एकच चमक पृथ्वीवरून आणि १५ लाख किलोमीटर दूरच्या गाया यानातूनही टिपली गेली. तेव्हा वजन निघालं: शनीपेक्षा थोडं कमी. अंतर सुमारे दहा हजार प्रकाशवर्षे.

वर्तमानपत्रं ह्यांना अनाथ ग्रह म्हणतात. आम्हांला तो शब्द पटत नाही. आपला सूर्यसुद्धा आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतोच आहे, आणि हे ग्रहही तसेच फिरतात. नियमाबाहेर कोणीच नाही.

आमच्या त्या शिक्षक मित्राला, तो आज मागच्या रांगेत बसला आहे, एवढीच विनंती: बाबा रे, वहीतलं वाक्य खोडून टाकू नकोस. त्याच्यापुढे २०११ लिही, खाली २०१७ आणि २०२३ चे आकडे लिही, आणि पुढे जागा मोकळी ठेव. मुलांना तिन्ही आकडे दाखव आणि ते का बदलले तेही सांग. आम्ही ते सांगायला उशीर केला, त्याबद्दल दिलगीर आहोत.