टिळक दोनदा निघाले

आजचा विषय पाचारण.

पाचारण म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं अब्राहामाचं. उत्पत्ती, 12 वा अध्याय. देश सोड, नातलग सोड, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा, असं देव सांगतो. आणि हा माणूस 75 व्या वर्षी निघतो. आपण त्याचा विश्वास ऐकतो आणि आमेन म्हणतो. पण मला नेहमी एक शंका येते. साराय पण निघाली होती ना? बिऱ्हाड बांधताना ती काय म्हणाली? त्याबद्दल तिथं एक अक्षर नाही.

मराठीत मात्र अशा एका सारायने सगळं लिहून ठेवलंय. लक्ष्मीबाई टिळक. पुस्तक 'स्मृतिचित्रे'.

त्यांचे यजमान नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत हं, रेव्हरंड टिळक, कवी. जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, कोकणस्थ ब्राह्मणाचं घर. 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि हा माणूस अडकलाच. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा.

इथपर्यंतची गोष्ट आपण साक्ष म्हणून सांगतो. टिळकांनी जात सोडली, नातेवाईक सोडले, समाजातला मान सोडला. कबूल. पण ते सगळं त्यांनी स्वतः ठरवून सोडलं. लक्ष्मीबाईंचं काय? लहानपणीच लग्न झालेली, कडक सोवळ्यात वाढलेली बाई, पदरात छोटा मुलगा. त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं, तरी त्यांचंही सगळं सुटलं. नवरा जिवंत, आणि संसार मोडलेला. काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या.

मी स्पष्टच बोलतो. टिळकांचं पाचारण खरं होतं असं मी मानतो. आणि त्याची किंमत जिच्यावर पडली, तिला त्या निर्णयात जागा नव्हती, हेही खरं. एक खरं ठरवायला दुसरं झाकायची गरज नाही.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे राहायला आल्या. पण कशा? ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात स्वतःचं सोवळं सांभाळत, वेगळा स्वयंपाक करत! (त्या हे इतक्या गमतीने लिहितात की वाचताना हसू येतं आणि मग पोटात तुटतं.) जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या डोक्याने पटलं. मग 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या पाचारणावर त्या आल्या नाहीत. पाच वर्षं लागली, पण स्वतःच्या पाचारणावर आल्या.

आता टिळकांचं दुसरं निघणं. याबद्दल आपण फारच कमी बोलतो. तोपर्यंत ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये स्थिरावले होते. पाळक झाले, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक झाले, त्यांची गीतं उपासनेत गायली जात होती. म्हणजे बघा, ज्यासाठी घर सोडलं, तेच आता घर झालं होतं. आणि 1917 साली, पंचावन्न वर्षं उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला. संन्यासी म्हणून राहायचं ठरवलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा बंधुसंघ, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही!

आजही हे ऐकून काही पाळकांच्या भुवया वर जातील. पण टिळकांना ख्रिस्त मराठी माणसापर्यंत अभंग-कीर्तनातून न्यायचा होता. मला वाटतं, परदेशी मिशनच्या पैशावर जगतोय तोवर लोक आपल्याला साहेबाचाच माणूस समजणार, हे त्यांना दिसत होतं.

तुमच्यातले काही जण मेसेज करून विचारता, नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जाऊ का? मी उलट विचारतो, घरचा ईएमआय कोण भरतं? आईला सांगितलंस का? लग्न झालंय तर बायकोशी बोललास, की तिला थेट चर्चमधल्या घोषणेतूनच कळणार? असे प्रश्न विचारले की विश्वास कमी आहे असं काही जणांना वाटतं. वाटू दे.

आणि जे आधीच सेवेत आहेत, वर्शिप टीमवाले, यूथ लीडर, माईक हातात असलेले (त्यात मीही आलो), त्यांनी 1895 पेक्षा 1917 कडे जास्त बघावं. तुमची ती ठरलेली खुर्ची, ते कौतुक, उद्या सोडायला सांगितलं तर?

देवाचा दरबार फार वाढला नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. 9 मे 1919 ला टिळक मुंबईत वारले. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रावरचं त्यांचं मोठं काव्य अर्धवट राहिलं, तेही अगदी सुरुवातीच्या अध्यायांवर. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हातात घेतलं आणि बहुतेक सगळं त्यांनीच लिहून काढलं. शेवट मुलाने, देवदत्त टिळकांनी केला.

'स्मृतिचित्रे' कुठल्याही बऱ्या लायब्ररीत मिळेल. या आठवड्यात निदान बाप्तिस्म्याच्या बातमीचा भाग तरी वाचा, आणि काय वाटलं ते व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात.